रोहित आणि रोहिणी

जानेवारी महिन्यातील एक संध्याकाळ होती. नवी मुंबईतील करावे गावाजवळच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर बारा वर्षांची एक मुलगी आणि तिचे आजोबा मावळतीकडे तोंड करून बसले होते. खाडीचे पाणी ओहोटीने मागे सरले होते आणि उघड्या पडलेल्या चिखलावर रोहित पक्ष्यांचा मोठा थवा माना खाली घालून चरत होता. सूर्य क्षितिजाशी टेकला, तसे त्याचे बिंब तांबडेलाल झाले. थोड्याच वेळात काहीतरी चाहूल लागून सारा थवा एकदम उडाला. पंख उघडताच त्यांखालचा लाल रंग झळकला. या पक्ष्यांना 'अग्निपंख' असेही म्हणतात. ते नाव किती यथार्थ आहे, हे त्या क्षणी कोणालाही पटले असते.

मुलीच्या मांडीवर चित्रकलेची वही होती. शाळेत 'रात्रीचे आकाश' हा विषय दिलेला होता. तिने काळ्या कागदावर चंदेरी रंगाचे कितीतरी ठिपके मोठ्या निगुतीने काढले होते. आजोबांनी वही हातात घेतली आणि अगदी डोळ्यांशी नेली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. शस्त्रक्रिया ठरली होती, पण अजून झाली नव्हती.

"सारे तारे एकाच रंगाचे काढलेस, पोरी?" त्यांनी विचारले.

"तारे पांढरेच असतात ना, आजोबा?"

"कोणी सांगितले? रोहिणी तांबडी असते. चांगली निखाऱ्यासारखी!"

मुलीने वर पाहिले. आकाश काळे नव्हतेच. ते शहराच्या उजेडाने राखी झाले होते. त्यात जे दहापाच तारे दिसत होते, ते सारे तिला सारखेच वाटले. "मला तर एकही तांबडा दिसत नाही," ती म्हणाली.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांना तरी आता कोठे दिसत होता? परंतु त्यांनी तो पाहिला होता, हे मात्र खरे. त्यांचे सारे बालपण याच खाडीकाठी गेले होते. तेव्हा येथे उंच इमारती नव्हत्या, रुंद रस्ते नव्हते. भातशेती होती, मिठागरे होती आणि तिवरांच्या झाडीतून वळत जाणाऱ्या चिखलवाटा होत्या. त्यांच्या घरी रात्री रॉकेलचा कंदील जळे आणि तोही लवकर मालवला जाई. पुढे १९७० साली सिडको या संस्थेची स्थापना झाली. खाडीकाठच्या ९५ गावांच्या परिसरात नवे शहर वसवण्याचे काम हाती घेण्यात आले आणि पाहता पाहता शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. त्या शहराने माणसांना घरे दिली, मुलांना शाळा दिल्या, आजाऱ्यांना रुग्णालये दिली. दिवेही दिले. मात्र दिव्यांचा प्रकाश जमिनीवर जेवढा पडला, तेवढाच वरही उधळला गेला आणि आकाशातील रंग हळूहळू पुसट होत गेले. ते केव्हा दिसेनासे झाले, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

गच्चीच्या जिन्यावर एक प्रखर दिवा लावलेला होता. आजोबांनी मुलीचा हात धरला आणि तिला पाण्याच्या टाकीच्या मागे, सावलीत नेले. "येथे बस. दिव्याकडे पाहू नकोस. थोडा वेळ काढ, म्हणजे आकाश आपण होऊन बोलू लागेल," ते म्हणाले.

आजोबांनी सांगितलेला हा उपाय अनुभवाचा होता, आणि त्याला शास्त्राचाही आधार आहे. माणसाच्या डोळ्यांत प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. काही दांडीसारख्या लांबट, तर काही शंकूसारख्या निमुळत्या. दांडीसारख्या पेशी अंधुक प्रकाशातही काम करतात, परंतु त्यांना रंग ओळखता येत नाहीत. रंग ओळखण्याचे काम शंकूसारख्या पेशींचे असते. मात्र त्यांना जागे करण्यास बराच प्रकाश लागतो. मंद ताऱ्यांचा प्रकाश त्यांना पुरत नाही, म्हणून तसे सारे तारे पांढुरके भासतात. याचा अर्थ ते तारे रंगहीन आहेत, असा मुळीच नव्हे; आपलीच दृष्टी तेथे अपुरी पडते. जे मोजके तारे तेजस्वी आहेत, त्यांचाच रंग नुसत्या डोळ्यांना जाणवतो. तोही डोळ्यांवर दुसऱ्या दिव्याचा झोत पडत नसेल आणि पाहणाऱ्याला वाट पाहण्याचा धीर असेल, तरच.

पंधरावीस मिनिटे गेली. मुलीचे डोळे निवले. आता आजोबांनी तिला खूण सांगितली, "पूर्वेकडे मृगाचा मोठा चौकोन शोध. त्याच्या पोटात तीन तारे एका ओळीत आहेत. तो व्याधाने मारलेला बाण. त्या बाणाची रेघ वर वाढवत ने. जेथे ठळक तारा लागेल, ती रोहिणी."

मुलीने बोटाने रेघ ओढली. डोक्यावर येऊ पाहणाऱ्या त्या ताऱ्यावर बोट थांबले आणि ती एकदम उठून उभी राहिली. तो तारा खरोखरच पांढरा नव्हता. तो नारिंगी-तांबूस होता, राखेखालून डोकावणाऱ्या निखाऱ्यासारखा.

एकदा एक रंग दिसला की, दुसरे दिसण्यास वेळ लागत नाही. मृगाच्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात काक्षी नावाचा तारा आहे. तोही तांबूस निघाला. समोरच्या कोपऱ्यातील राजन्य मात्र निळसर पांढरा होता. बाणाची रेघ खाली नेली, तेव्हा आग्नेयेस व्याध सापडला. तो तर हिऱ्यासारखा क्षणात निळा, क्षणात हिरवा, क्षणात लाल लखलखत होता. मुलगी कितीतरी वेळ मान वर करून पाहत राहिली. मग तिने विचारले, "आजोबा, हे रंग येतात कोठून?"

"ते मला ठाऊक नाही, बाळ," आजोबा प्रांजळपणे म्हणाले. "आम्ही रंग पाहिले. ते का, हे शोधायचे काम तुमचे."

मुलीचा हा प्रश्न लहान असला, तरी त्याचे उत्तर शोधण्यास माणसाला फार मोठा काळ लागला. रंग दिसत होते, हे मात्र निश्चित. आपल्या पूर्वजांनी ताऱ्यांना दिलेली नावेच त्याची साक्ष देतात. 'रोहिणी' या शब्दाचा अर्थच मुळी तांबडी असा आहे. मंगळाला ते 'अंगारक' म्हणत, 'लोहितांग' म्हणत. 'शुक्र' या शब्दात शुभ्र, तेजस्वी असा अर्थ आहे. खाडीतल्या पक्ष्याचे 'रोहित' हे नाव आणि आकाशातल्या ताऱ्याचे 'रोहिणी' हे नाव एकाच शब्दाची भावंडे आहेत. दोघांनाही ते नाव त्यांच्या तांबड्या रंगामुळे मिळाले. नाव एक, रंगही एक. पण त्या रंगाची कारणे मात्र अगदी निराळी आहेत.

आधी रोहिणीकडे वळू. लोहाराच्या भट्टीत लोखंडाची कांब घातली की, ती प्रथम काळीच दिसते. भाता चालू राहिला म्हणजे ती गडद लाल होते. उष्णता वाढत जाते, तशी ती नारिंगी होते, मग पिवळी, आणि शेवटी पांढरी. कांब तीच असते, लोखंडही तेच. रंग बदलतो तो केवळ उष्णतेने. ताऱ्यांचेही असेच आहे. तारा म्हणजे तापून प्रकाशणाऱ्या वायूचा प्रचंड गोल. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान किती, त्यावर त्याचा रंग ठरतो.

येथे एक गंमत आहे. घरातील न्हाणीघरात नळावर तांबडा ठिपका असला, तर ते पाणी गरम आणि निळा असला, तर ते थंड, असे आपण शिकलेलो असतो. आकाशात हा हिशेब उलटा होतो. तेथे तांबडे तारे त्यामानाने थंड असतात आणि निळे सर्वांत उष्ण. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,३०० अंश सेल्सिअस, रोहिणीचे सुमारे ३,६०० अंश आहे. आपल्या सूर्याचे सुमारे ५,५०० अंश, व्याधाचे ९,५०० अंशांच्या पुढे, तर राजन्याचे जवळजवळ १२,००० अंश आहे. अर्थात 'थंड' म्हटलेली रोहिणीसुद्धा वितळलेल्या लोखंडाच्या दुपटीहून अधिक तप्त आहे, हे विसरता कामा नये.

असे का व्हावे? प्रकाश लाटांच्या रूपाने प्रवास करतो. तांबड्या प्रकाशाच्या लाटा लांब असतात, निळ्याच्या आखूड. कोणताही तापलेला तारा एकाच रंगाचा प्रकाश फेकीत नाही. तो सारेच रंग फेकतो. मात्र त्यांचे प्रमाण सारखे नसते. तारा जितका अधिक तप्त, तितका त्याच्या प्रकाशात आखूड लाटांचा, म्हणजे निळ्याचा, वाटा मोठा. कमी तप्त ताऱ्यात तांबड्याचे पारडे जड होते. मधल्या तापमानाच्या ताऱ्यात सारे रंग जवळजवळ सारख्या प्रमाणात मिसळतात आणि मिसळून पांढरे होतात. म्हणूनच निळे तारे आहेत, तांबडे आहेत, पिवळे आहेत; पण आपल्या डोळ्यांना हिरवा दिसेल असा तारा सहसा सापडत नाही. हिरवा रंग त्यांच्या प्रकाशात असतो खरा, परंतु दोन्ही बाजूंच्या रंगांत मिसळून तो पांढऱ्यात हरवून जातो.

हे रंग सुटे करून पाहण्याची युक्ती इंग्लंडमधील न्यूटन या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात दाखवून दिली. त्याने काचेच्या लोलकातून सूर्यकिरण जाऊ दिला आणि पांढऱ्या प्रकाशाचा रंगीत पट्टा भिंतीवर उमटवला. या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. पुढे दुर्बिणीला वर्णपट दाखवणारे यंत्र जोडून शास्त्रज्ञ ताऱ्यांचा प्रकाश तपासू लागले. या कामाची एक शाखा आपल्या महाराष्ट्रातही रुजली होती. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तेथे वेधशाळा उभारली. तिला 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' असे नाव होते. तेथील २० इंची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा नायगामवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला आणि ग्रहणातील सूर्याच्या प्रकाशाचे वर्णपट टिपले. १९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे दक्षिणेतील कोडईकनाल येथे गेली.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९२० साली, मेघनाद साहा या तरुण भारतीय शास्त्रज्ञाने एक महत्त्वाचे गणित मांडले. तापमान बदलले की ताऱ्यातील अणूंची अवस्था कशी बदलते आणि तिची खूण वर्णपटात कशी उमटते, हे त्या गणिताने उलगडले. त्याचाच आधार घेऊन १९२५ साली सिसिलिया पेन या विदुषीने दाखवून दिले की, तारे बहुतांशी हायड्रोजन व हेलियम या दोन वायूंचेच बनलेले आहेत. तांबडी रोहिणी आणि निळसर राजन्य यांची माती, म्हणावयाचे तर, जवळजवळ एकच. निराळी आहे ती त्यांची आच.

आता ग्रहांचे पाहू. सुमारे दोन वर्षांतून एकदा मंगळ फिरत फिरत वृषभ राशीत येतो आणि रोहिणीजवळून जातो. तेव्हा आकाशात दोन तांबूस ठिपके शेजारी शेजारी दिसतात. नवख्या माणसाला ते जुळे भाऊबहीण वाटावेत. नीट पाहिले, तर रोहिणी लुकलुकते आणि मंगळ स्थिर असतो. पण त्यांच्यातील खरा भेद याहून मोठा आहे. रोहिणीचा प्रकाश तिचा स्वतःचा आहे. मंगळाला स्वतःचा प्रकाश नाही. सूर्याचा जो प्रकाश त्याच्यावर पडतो, त्यातला काही भाग तो परत पाठवतो. परत पाठवताना त्यावर आपल्या मातीचा शिक्का मारतो. मंगळाची धूळ लोहयुक्त आहे आणि त्या लोहाला गंज चढलेला आहे. गंज निळा प्रकाश गिळतो आणि तांबडा परतवतो. नवी मुंबईहून जवळच असलेल्या माथेरानला जाणाऱ्या माणसाचे पाय ज्या तांबड्या मातीने माखतात, तिचा आणि कोकणातल्या जांभ्या दगडाचा रंगही लोहाच्या अशाच गंजाचा. माथेरानची वाट तुडवणाऱ्या मुलाने मंगळाच्या रंगाचे गुपित पायांखाली पाहिलेलेच असते! भारताने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळाकडे यान पाठवले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते त्या ग्रहाभोवती फिरू लागले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांतही मंगळाचा तो तांबूस गोल स्पष्ट दिसला.

इतर ग्रहांचेही असेच. शुक्रावर दाट ढगांचे पांघरूण आहे. ते ढग पाण्याचे नसून गंधकाच्या तीव्र आम्लाचे आहेत. ते बहुतेक प्रकाश परतवतात, म्हणून शुक्र इतका शुभ्र आणि तेजस्वी दिसतो. गुरू आणि शनी यांच्यावर अमोनियाचे ढग व धुके आहे. त्यामुळे गुरू सायीच्या रंगाचा व शनी फिकट पिवळा दिसतो. युरेनस व नेपच्यून यांच्या वातावरणातील मिथेन वायू तांबडा प्रकाश शोषून घेतो; म्हणून दुर्बिणीतून ते निळसर दिसतात. सूर्य सर्वांना एकच प्रकाश वाटतो; प्रत्येक ग्रह आपल्या गुणधर्माप्रमाणे त्यातले काही ठेवतो आणि उरलेले परत करतो.

आणि रोहित पक्षी? त्याचा लाल रंग तर अंगचाही नव्हे. रोहिताचे पिलू जन्मते ते करड्या-पांढऱ्या रंगाचे. खाडीच्या पाण्यातील सूक्ष्म शेवाळ व बारीक जीव खाऊन तो वाढतो. त्या अन्नात जी रंगद्रव्ये असतात, ती हळूहळू त्याच्या पिसांत उतरतात आणि तो गुलाबी होतो. खाडीने दिलेले अन्नच त्याच्या पंखांवर रंग होऊन झळकते. खाडी आटली किंवा विटाळली, तर तो रंगही उरणार नाही.

आणखी एक रंग राहिला. व्याध त्या रात्री निळा-हिरवा-लाल असा लखलखत होता. ते सारे रंग काही त्याचे नव्हते. व्याध निळसर पांढरा आहे. तो क्षितिजाजवळ असतो, तेव्हा त्याचा किरण हवेच्या जाड थरातून तिरपा येतो. उष्ण व थंड हवेच्या हलत्या झुळका त्या किरणाला वाकवतात, त्यातले रंग क्षणोक्षणी फोडतात. मग तारा रंग बदलतो आहे, असा आपल्याला भास होतो. मावळत्या सूर्याची लालीही हवेचीच किमया होय. हवेतून दूरवर येताना निळा प्रकाश इतस्ततः विखुरतो, तांबडा तेवढा सरळ पोहोचतो. वातावरणाबाहेर गेलेल्या अंतराळवीरांना तोच सूर्य स्वच्छ पांढरा दिसतो.

असा त्या एका संध्याकाळच्या तांबड्या रंगाचा हिशेब आहे. रोहिणीची लाली तिच्या स्वतःच्या आगीची. मंगळाची लाली उसन्या प्रकाशावर उमटलेल्या मातीची. रोहिताची लाली खाल्लेल्या अन्नाची. आणि मावळत्या सूर्याची लाली वाटेतल्या हवेची. डोळ्यांना चारही एकच दिसतात. त्यांतले आपले कोणते, उसने कोणते आणि वाटेत चिकटलेले कोणते, हे निवडून काढणे, यालाच शास्त्र म्हणतात. माणसांची पारख करतानाही असा विवेक उपयोगी पडतो, हे वेगळे सांगावयास नको.

रोहिणीविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती पृथ्वीपासून सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे तिच्यापासून निघालेला किरण आपल्यापर्यंत येण्यास सुमारे ६५ वर्षे लागतात. त्या रात्री पाण्याच्या टाकीच्या आडोशाला मुलीच्या डोळ्यांत जो तांबूस किरण शिरला, तो रोहिणीपासून निघाला, तेव्हा नवी मुंबई अस्तित्वातही नव्हती. तिचे आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते आणि बांधावर उताणे पडून याच ताऱ्याकडे पाहत होते. आजोबांच्या बालपणी निघालेला प्रकाश नातीच्या बालपणी पोहोचला. आणि त्याच रात्री रोहिणीपासून जो किरण निघाला, तो येथे येईल तेव्हा ती मुलगी सत्याहत्तर वर्षांची आजी झालेली असेल. किरण येणार, याविषयी शंका नाही. तो वाटेत थकत नाही, चुकत नाही. परंतु तो येईल, तेव्हा त्याचा रंग ओळखता यावा इतका काळोख या खाडीकाठी उरलेला असेल काय?

हा प्रश्न दिव्यांच्या विरुद्ध नाही. रस्त्यावर उजेड हवा, जिन्यावर दिवा हवा. परंतु रस्त्याचा दिवा रस्त्यासाठी आहे. तो आकाशाला दाखवण्याचे कारण नाही. दिव्यावर झाकण असले व त्याचा प्रकाश खालीच पडला, तर वाटसरूला वाट अधिक चांगली दिसते, वीज वाचते आणि तारेही वाचतात. आज ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना शहरापासून दूर जावे लागते. पुण्यातील शास्त्रज्ञांनी आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली कार्यान्वित केली, ती जुन्नरजवळील गिरवलीच्या डोंगरावर. शास्त्रज्ञ डोंगरावर जाऊ शकतात. प्रत्येक मूल जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी गच्चीवरचा वीतभर काळोख तरी राखला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मुलीने रंगांची पेटी उघडली. काळ्या कागदावरील एक चंदेरी ठिपका तिने नारिंगी रंगाने रंगवला, दुसरा निळसर केला. नंतरच्या रविवारी तिने इमारतीतील मोठ्या माणसांना एक विनंती केली. गच्चीच्या जिन्यावरील दिवा काढू नये, पण त्यावर पत्र्याची टोपी बसवावी, एवढेच तिचे मागणे होते. कोणी हसले, कोणी मान डोलावली. टोपी मात्र बसली. जिन्याच्या पायऱ्या पूर्वीहून अधिक स्वच्छ दिसू लागल्या आणि गच्चीवर डोळे दिपेनासे झाले.

त्या रात्री आजोबा व नात पुन्हा वर आले. खाडीवरून गार वारा येत होता. दूर चिखलात रोहितांची घोगरी कुजबूज चालली होती. आजोबांनी सवयीने मान वर केली. त्यांच्या डोळ्यांपुढे धुके होते. त्या धुक्यात एकही तारा उगवत नव्हता.

"काय गं," त्यांनी हळूच विचारले, "रोहिणी अजून तांबडी आहे का?"

मुलीने बाणाच्या रेघेवरून नजर वर नेली.

"आहे, आजोबा. निखाऱ्यासारखी आहे," ती म्हणाली.

आजोबांनी समाधानाने मान हलवली, आणि दोघेही पुष्कळ वेळ तेथेच बसून राहिले.